स्थिर रेघ

“टिळेकरबाई, आपण भूकंप-अभियांत्रिकी शिकलात की कुंभारकाम?”

आमच्या भूकंप-संशोधन संस्थेतले माझे विभागप्रमुख नाडगौडा सर यांनी हे विचारले आणि बैठकीतली दहा माणसे हसली. जिल्हाधिकारी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिले. मीही हसले नाही, कारण प्रश्न मला होता.

माझ्यासमोर मोरघाट खोऱ्याचा नकाशा अंथरलेला होता आणि त्यावर मी लाल शाईने सत्तेचाळीस बाण काढले होते. एकेक बाण म्हणजे एकेका घरातली उतरंड. मडक्यावर मडके रचून धान्य-कडधान्य ठेवण्याची ती चळत तेरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात कोणत्या अंगाला कोसळली, एवढेच त्या बाणाने सांगायचे होते.

“सर, खोऱ्यातून दक्षिणोत्तर भ्रंश जातो,” मी म्हणाले. “जमीन जिथे खोलवर चिरली आहे ती ही रेषा. तिच्यापासून लांबच्या गावांतले सोळा बाण वाटेल तिकडे तोंड करून आहेत. पण रेषेच्या जवळच्या एकतीस घरांपैकी एकोणतीस घरांत उतरंड पूर्वेला पडली. भ्रंशाशी बरोबर काटकोनात. जमीन तिथे नुसती थरथरली नाही. तिने एक ढकल दिली.”

“आणि ही ढकल आमच्या यंत्राला दिसली नाही, मडक्यांना मात्र दिसली.”

पुन्हा हशा. सर विनोदी होते हे मान्य केले पाहिजे. विनोद हे विद्वत्तेचे भूषण मानले जाते. आमच्या संस्थेत अलीकडे तो तिच्या बदली कामावर हजर असे.

प्रश्न मडक्यांचा नव्हताच. मोरघाटच्या भ्रंशापासून दोन किलोमीटरवर सरकारी रुग्णालय उभे राहायचे होते. चार मजले, शंभर खाटा. तळमजला सगळा मोकळा, नुसत्या खांबांवर, म्हणजे पावसाळ्यात रुग्णवाहिका थेट आत घेता येईल. खोऱ्यातल्या पस्तीस गावांना दुसरे रुग्णालय नव्हते. पाया भरून झाला होता आणि खांबांच्या सळया आभाळाकडे बोटे करून उभ्या होत्या. सल्लागार समितीवर मी सर्वांत कनिष्ठ सभासद होते, आणि माझे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते: या खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती घाला, नाहीतर ज्या दिवशी जमीन ढकल देईल त्या दिवशी वरचे तीन मजले धडधाकट राहतील आणि खालचा मजला त्यांच्याखाली बसेल.

“अठरा टक्के,” सर म्हणाले. त्यांनी आपल्या हिरव्या बांधणीच्या अहवालावर तळहात ठेवला, पोथीवर ठेवावा तसा. “मोरघाट भूकंपमापन केंद्रावर मोजलेला सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अठरा टक्के. आराखडा बावीस टक्क्यांवर केलेला आहे. चार टक्के आपण देवाच्या नावाने जास्तच दिले. आणखी काय हवे?”

“आकडा बरोबर आहे, सर. पण तो धक्क्याचा जोर सांगतो. धक्का किती वेळ एकाच दिशेने चालू राहिला ते सांगत नाही.”

“त्यासाठी पुरावा लागतो, बाई. उतरंड नव्हे.”

जिल्हाधिकाऱ्यांनी टाक खाली ठेवला. “पुढच्या मंगळवारी पुन्हा बसू. बुधवारी खांबांचे काँक्रीट सुरू होणार आहे. त्याआधी टिळेकरबाईंना काही दाखवायचे असेल तर दाखवावे. नसेल तर आराखडा आहे तसा मंजूर.”

आठ दिवस. सर बाहेर पडताना माझ्या नकाशावर वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “बाण मात्र सुबक काढलेत. तुमचा हात पहिल्यापासून चांगला.”

हे वाक्य मला पुढे आठवणार होते.

उतरंडीचा नाद मला हिरडेवाडीच्या बायजाक्का ढेब्यांनी लावला. रुग्णालयाची जागा पाहायला गेले असताना उन्हाने घसा कोरडा पडला म्हणून मी त्यांच्या पडवीत टेकले. आत पाहते तो उतरंड पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून रचलेली, आणि तिला पोटाशी काथ्याच्या दोरीने खुंटीला बांधलेले. शेजारच्या घरात तेच. त्याच्या पलीकडच्या घरातही तेच. सबंध वाडीत एकाही बाईने उतरंड पूर्वेच्या अंगाला मोकळी ठेवलेली नव्हती.

“ही कसली रीत, बायजाक्का? देवाची काही आहे का?”

“देवाची कशाची! भुकंपाची रीत हाये ही,” त्या म्हणाल्या. “तवा समद्या घरांची गाडगी त्या अंगाला गेली. माझी बी, माझ्या जावंची बी. मग आमी बायांनी ठरिवलं, पुन्यांदा जायची झाली तर दोरीला इचारून जातील.”

“हादरा फार मोठा होता का?”

“हादरा मागनं आला. पयली ढकल हुती.” त्यांनी शेजारच्या जात्याचा खुंटा धरला, अख्खे जाते एकदा अंगाकडे ओढले, एकदा लोटले, आणि सोडून दिले. “असं. एकदा तिकडं, एकदा हिकडं. जमीन म्हनली, सरक. अन् मग बसली थरथरत, हिवताप आल्यावानी.”

पाश्चात्त्य नियतकालिकांत त्या सुमारास याच गोष्टीवर जाडजूड लेख येऊ लागले होते. भ्रंश जेव्हा फाटत फाटत आपल्या दिशेने येतो, तेव्हा त्याची सगळी ऊर्जा एकामागोमाग न येता एकाच रुंद लाटेत गोळा होऊन येते, आणि जवळच्या इमारतीला असंख्य थपडांऐवजी एक लांब, संथ रेटा बसतो. हे मी चाळीस पानांत वाचले होते. बायजाक्कांनी ते जात्यावर दाखवले आणि तळटीप दिली नाही.

पण सरांचे बरोबर होते. समितीपुढे जाते नेता आले नसते. पुरावा एकच होता: मोरघाट केंद्रावरच्या यंत्राने त्या दिवशी फिल्मवर काढलेली मूळ रेघ. अहवालात छापलेली रेघ मी शंभरदा पाहिली होती. ती सरळसोट सुरू होई, दोन-अडीच सेकंदांनी दाटीने थरथरू लागे, अठरा टक्क्यांवर एक शेंडा गाठे आणि विझे. ढकलीचा मागमूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या संस्थेच्या भांडारात गेले. भांडारपाल मुलाणीभाई. संस्थेत कोणते उपकरण कुठे आहे हे संचालकांना ठाऊक नसे. मुलाणीभाईंना ते कोणी मोडले हेही ठाऊक असे.

“मोरघाटची मूळ फिल्म हवी आहे.”

“सरांची सही?”

“सर सही करणार नाहीत.”

“मग बाई, माझ्याच्यानं होणार नाही. मी रिटायर व्हायला सात महिने उरलेत. मला पेन्शन घेऊ द्या.” तरी त्यांनी नोंदवही काढली. निदान ती फिल्म कोणत्या कपाटात आहे ते सांगण्यात त्यांना नियमभंग दिसला नसावा. बोट ओळीवरून फिरत गेले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“काय झालं?”

“फिल्म इथं नाहीच. बाहेर दिलेली आहे. परत आलेली नाही.”

“कोणाला?”

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. तेरा वर्षांपूर्वीची तारीख, फिल्मचा क्रमांक, आणि समोर घेणाऱ्याची आद्याक्षरे. हे. टि. परतीच्या रकान्यात शिसपेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: बाकी.

“हेमांगी टिळेकर,” मुलाणीभाई अतिशय सौम्यपणे म्हणाले. “बाई, जी फिल्म तुम्ही माझ्याकडं मागताय, ती तुमच्याच घरी आहे.”

ती घरी होती; तेरा वर्षांत मी विसरून गेले होते. माझ्या प्रबंधाच्या खोक्यात, सगळ्यांत तळाशी, कागदी पाकिटात गुंडाळी केलेली. फिल्म मी खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावली आणि भिंग घेऊन उभी राहिले. पाकिटात घडी घातलेली एक चिठ्ठीही होती. तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्या वाचल्या आणि मी खुर्चीवर बसले. मग उठले, आलेखाचा कागद काढला आणि फिल्मवरची रेघ बिंदू-बिंदूने उतरवू लागले. त्यात चार दिवस गेले.

सोमवारी मी हिरडेवाडीला गेले आणि बायजाक्कांना म्हणाले, “उद्या मोरघाटला कचेरीत याल का? मोठे लोक असतील. भूकंप कसा आला ते सांगायचं आहे.”

“तेरा वर्सांनी इचाराय सुचलं व्हय?” त्या म्हणाल्या. “येते की. नवं लुगडं नेसू का जुनं?”

“नवं.”

मंगळवारी कचेरीतल्या टेबलाभोवती तीच माणसे, त्याच खुर्च्या. सरांनी बायजाक्कांना पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. विनोदाला आयते गिऱ्हाईक मिळाल्यावर उजळतो तसा.

“या आजी, या. आमच्या बाई म्हणतात, भूकंपातले तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते.”

“तुमी कुठं हुता तवा?” बायजाक्कांनी विचारले.

“मी? मी पुण्यात होतो.”

“मग मलाच जास्ती कळनार की, बाबा. मी हितं हुते.”

या वेळी हसण्याचा पहिला आवाज जिल्हाधिकाऱ्यांचा होता. बाकीच्यांनी शिष्टाचार म्हणून तो उचलून धरला.

शिपाई नुकताच चहाचे रिकामे कप गोळा करत होता. बायजाक्कांनी त्याच्या हातून ट्रे काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि पाच कप एकावर एक रचले. रचण्यात घाई नव्हती. जन्मभर तेच केलेले होते. मग त्या मला म्हणाल्या, “तू मार, लेकी.”

मी मुठीने ट्रेच्या कडेवर जोरात ठोकले. पुन्हा ठोकले. कप खणखणले; उभे राहिले.

“ही तुमची अठरा टक्के का काय ती,” बायजाक्का म्हणाल्या. “आता ही आमची.” त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी धरला, वीतभर आपल्याकडे ओढला आणि परत लोटला. मारणे नाही, झटका नाही. नुसती ओढ आणि लोट. तळचा कप ट्रेबरोबर गेला, वरचे चार जागीच राहिले, आणि जागी राहिल्यामुळेच कोसळले. त्यांतल्या एकाने सरांच्या हिरव्या अहवालावर चहाचे उरलेसुरले थेंब सांडले.

“तळचा कप म्हणजे तुमचा मोकळा मजला,” मी जिल्हाधिकाऱ्यांना म्हणाले. “जोर कमी होता. पण तो एकाच दिशेने पुरेसा वेळ चालू राहिला.”

सरांनी रुमालाने अहवाल पुसला. आवाज अजिबात चढवला नाही. त्यांना मोठे करणाऱ्या गुणांपैकी तो एक होता.

“लोककथा ऐकली. कपबश्यांचा खेळ पाहिला. करमणूक झाली. पण बाई, हे रुग्णालय शास्त्रावर उभे राहायचे आहे. यंत्राने जे पाहिले नाही ते घडले, असे म्हणायला तुमच्याजवळ काय आधार आहे?”

“यंत्राने पाहिले, सर.”

मी फिल्म टेबलावर पसरली. पूर्ण लांबी, पूर्ण रुंदी. जिल्हाधिकारी उठून माझ्या शेजारी आल्या.

“ही पूर्व-पश्चिम हालचालीची रेघ. इथे भूकंप सुरू होतो. थरथर सुरू होण्याच्या आधीचे हे दोन सेकंद पाहा.”

रेघ तिथे एका अंगाला फुगत गेली होती, मग उलट्या अंगाला फुगून हळूहळू मूळ जागी आली होती. डोंगर आणि त्याला लागून दरी, असा तिचा आकार. थरथर त्यानंतर सुरू होत होती.

“हे मला ठाऊक आहे,” सर म्हणाले, आणि मला वाटते ते खरेच निर्धास्त झाले. “ती फिल्म जुलैतली. मोरघाटचा जुलै! केंद्राच्या खोलीत भिंतींना पाणी सुटते. ओलाव्याने फिल्म फुगते, ताणली जाते आणि तिच्यावरची रेघ वाकते. असला वाक वजा करून मगच वाचन करायचे असते. संस्थेचा तसा नियम आहे; तो मी लिहिला आहे.”

“नियम उत्तम आहे,” मी म्हणाले. “सर, एक शंका. फिल्म फुगली तर तिच्यावरच्या सगळ्याच रेघा वाकतील ना?”

“अर्थात.”

“एकही सरळ राहणार नाही?”

“फिल्म एक आहे, बाई. ती एका रेघेपुरती कशी फुगेल?”

“आभारी आहे.” मी बोट फिल्मच्या अगदी कडेला नेले. “जिल्हाधिकारीबाई, यंत्रात एक छोटा आरसा यंत्राच्या पेटीलाच पक्का बसवलेला असतो. आतला लंबक हलला तरी हा आरसा त्याच्याबरोबर हलत नाही. त्याचा उजेड फिल्मवर एक रेघ काढत राहतो. तिला आम्ही स्थिर रेघ म्हणतो. तिचे काम एवढेच: फिल्म फुगली की ती वाकते आणि आम्हाला सांगते. आपण पट्टी लावून पाहाल?”

त्यांनी शिपायाकडून पोलादी पट्टी मागवली आणि स्वतः लावली. पट्टी सुरुवातीच्या कोऱ्या भागापासून डोंगराखालून, दरीखालून, थरथरीखालून शेवटापर्यंत गेली.

“सरळ आहे,” त्या म्हणाल्या. मग पट्टी उलटी करून पुन्हा लावली. “केसभरही वाक नाही.”

“मग फिल्म फुगली नव्हती,” मी म्हणाले. “डोंगर आणि दरी जमिनीची आहे. मी तिचा हिशोब केला आहे. वाक वजा केला तर जमिनीचा वेग सेकंदाला नऊ सेंटिमीटर येतो. वजा न करता चाळीस. दोन सेकंदांत जमीन वीतभर पूर्व-पश्चिम सरकली आणि परतली. बायजाक्कांनी ट्रे किती ओढला ते आपण पाहिलेच आहे.”

सर फिल्मवर वाकले होते. चष्मा कपाळावर. एवढा वेळ मला वाटत होते की त्यांना राग येईल; पण त्यांच्या चेहऱ्यावर आला तो निव्वळ व्यवसायाचा चौकसपणा, आणि त्या क्षणापुरते ते मला आवडले. मग ते सरळ झाले आणि तो चौकसपणा गेला.

“छापील प्रतीत ही स्थिर रेघ नाही.”

“नाही. कड कापलेली आहे.”

“म्हणजे कोणीतरी स्थिर रेघ न तपासता वाक वजा केला आणि वर ती रेघच कापून टाकली. नियम माझा असेल. गाढवपणा माझा नाही.” त्यांचे लक्ष पाकिटातून बाहेर डोकावणाऱ्या चिठ्ठीकडे गेले. त्यांनी ती उचलली आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाहत मोठ्याने वाचली. “‘पूर्व-पश्चिम रेघ सरळ केली. कड अनावश्यक, सुबकतेसाठी कापली.’ खाली सही आहे.” ते थांबले. सावकाश हसले. “ही रेघ कोणी सरळ केली, हे बाई समितीला सांगतील का?”

“मी,” मी म्हणाले.

खुर्च्या कुरकुरल्या. बायजाक्कांनी माझ्याकडे पाहिले.

“मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सर म्हणाले, रेघ वाकडी दिसते, सरळ करा. मी केली. इतकी सफाईने केली की सरांनी सगळ्या विभागासमोर सांगितले, रेघ सरळ करण्यात टिळेकरांचा हात कोणी धरणार नाही. त्या शाबासकीवर मी पुढची दोन वर्षे काढली. स्थिर रेघ तपासायची असते, हे मला ठाऊक होते. छपाईत ती कडेला लोंबत होती, वाईट दिसत होती. कात्री माझीच होती.”

“म्हणजे,” सर समितीकडे वळून म्हणाले, “तेरा वर्षांपूर्वी बाई चुकल्या, आणि आज त्यांचे बरोबर आहे असे आपण त्यांच्याच सांगण्यावरून मानायचे.”

“माझ्या सांगण्यावरून काहीच मानू नका,” मी म्हणाले. “पट्टी टेबलावर आहे.”

मग बायजाक्का बोलल्या. त्यांना सही, कड, वाक यांतले फारसे कळले नसावे. पण कोण कोणाला काय विचारत होते ते नीट कळले होते.

“पोरीनं चुकलं ते कबूल केलं,” त्या सरांना म्हणाल्या. “आता तुमची पाळी हाये, बाबा.”

सरांनी आजवर शेकडो परीक्षकांना, मंत्र्यांना, परदेशी विद्वानांना उत्तरे दिली होती. या वेळी त्यांनी पट्टी उचलली. स्थिर रेघेवर लावली. सगळ्यांना दिसेल इतका वेळ ती धरून ठेवली.

“सरळ आहे,” ते म्हणाले.

जिल्हाधिकाऱ्यांनी कार्यकारी अभियंत्यांकडे पाहिले. “उद्याचे काँक्रीट थांबवा. खांबांमध्ये भिंती घालायच्या. दोन्ही दिशांना, टिळेकरबाई?”

“दोन्ही दिशांना. आणि खांबांच्या सळया आवळणाऱ्या कड्या दुप्पट जवळ.”

“रुग्णवाहिका आत कशी जाणार?” अभियंत्यांनी क्षीणपणे विचारले.

“बाजूनं जाईल,” बायजाक्का म्हणाल्या. “आमी नाय का पावसात गुरं बाजूनं नेत?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मोरघाटच्या एस. टी. स्थानकात भजी खाल्ली. बायजाक्कांनी मला विचारले, “तुजं काय नुकसान हुनार का गं आता?” मी म्हणाले, “होईल थोडे.” त्या म्हणाल्या, “मग आनखी एक पलेट सांग.” नुकसान झाले, बढती तीन वर्षे लांबली. पण त्या संध्याकाळी मी जेवढ्या भुकेने खाल्ले तेवढ्या भुकेने आधी किंवा नंतर कधी खाल्ल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म भांडारात परत केली. मुलाणीभाईंनी पाकीट उघडून मोजमाप घेतले, नोंदवही काढली आणि ‘बाकी’ या शब्दावर रेघ ओढली. पट्टी लावून.

अकरा वर्षांनी मोरघाट पुन्हा हलले. दुपारी सव्वादोन वाजता. जोर जवळपास तेवढाच, ठिकाण तेच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. बाजारपेठेतले, उद्घाटनाची वाट पाहणारे रिकामे व्यापारी संकुल आपल्या मोकळ्या तळमजल्यावर गुडघे टेकून बसले होते; वरच्या मजल्यावरची पाटी शाबूत. त्याच्यापासून चार हाकांवर रुग्णालय उभे होते. आत ब्याऐंशी रुग्ण होते, त्यांतली तीन बाळे भूकंपानंतर जन्मलेली. तळमजल्याच्या भिंतींवर तिरप्या, बारीक, निरुपद्रवी भेगा होत्या. मी हात फिरवून एकेक भेग पाहिली. ज्या कामासाठी त्या भिंती घातल्या होत्या ते काम त्यांनी केले होते आणि तेवढीच खूण ठेवली होती.

स्वयंपाकघरात एक तरुण बाई पातेली गोळा करत होती. “बघा ना मॅडम, सगळी भांडी एकाच अंगाला पडली. माझी आजी म्हणायची, मांडणी दोरीने बांध. मी ऐकलं नाही.”

“कुठलं गाव तुझं?”

“हिरडेवाडी. ढेब्यांची मी.”

“आजी?”

“गेल्या साली गेली. इथंच, वरच्या मजल्यावर. एका डॉक्टरला म्हणाली, पोरा, ही इमारत माज्या कपानं बांधलीया.”

मी तिला पातेली उचलायला मदत केली. सगळी पूर्वेच्या भिंतीपाशी होती.

केंद्रावरच्या यंत्रातून नवी फिल्म निघाली होती. डोंगर, दरी, मग थरथर. आणि कडेला स्थिर रेघ, ताणलेल्या दोरीसारखी. आठवड्याभरात मला नाडगौडा सरांचे पोस्टकार्ड आले. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. अक्षर थोडे हलले होते. मजकूर एकाच ओळीचा: ‘मोरघाटचा नवा आकडा कळवावा.’

मी आकडा कळवला नाही. फिल्मची प्रत पाठवली. पूर्ण लांबीची, पूर्ण रुंदीची, कडेसकट.